वितरण केंद्र कोठे असावे?

चांदवड तालुक्यासाठी खत, बियाणे व कांदा यांचे एकच मोठे वितरण केंद्र असावे, ही मागणी ऐकू येते. कोणी जागा फुकट देतो म्हणून ती स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चांदवड मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. परंतु गावास रेल्वे नाही. मनमाड जंक्शन सुमारे २५ किलोमीटर. रेल्वेने आलेले खत मनमाडहून आणून चांदवडास उतरवावयाचे व पुन्हा गावोगाव न्यावयाचे, म्हणजे हमाली दोनदा भरणे होय. खताची वखार रेल्वेजवळच राहावी. तेथून माल थेट सोसायट्यांच्या गोदामांत जावा.

कांद्याची गोष्ट निराळी. प्रत्येक चढउतारीत तो दुखावतो व दुखावलेला कांदा चाळीत आधी सडतो. उन्हाळी कांदा तर चार-पाच महिने राखावयाचा असतो. तेव्हा चाळ शेताजवळच, उंच, निचऱ्याच्या व वाऱ्याच्या जागी हवी. महामार्गावर प्रतवारीचा व भरणीचा ओटा पुरे. चांदवडास बाजार समिती असूनही पुष्कळ माल लासलगाव-पिंपळगावकडे वळतो, हे विसरता कामा नये.

ग्रामपंचायतीने ठराव करण्यापूर्वी गेल्या हंगामात गावच्या किती गाड्या कोणत्या वाटेने गेल्या, याची नोंद ग्रामसेवकांनी करावी. मृगाच्या पहिल्या पावसात भरली गाडी कोणत्या नाल्यावर अडते, हेही तीत लिहावे.