सुगीच्या तोंडावरचा पाऊस : कापणी आणि मळणी यांमधले असुरक्षित दिवस

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई व परिसरातील ईस्ट इंडियन बांधव आगेरा साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात, त्यांच्यावर आशीर्वाद मागितला जातो आणि वर्षभराच्या कष्टांचे पहिले फळ परमेश्वरापुढे ठेवले जाते. सणाची ही वेळ आणि शेताचे वेळापत्रक यांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्या बसत आला. पाऊस ओसरलेला असे, हळवे भात पिवळे पडलेले असे आणि पुढचे पंधरा दिवस कोरडे जातील असा भरवसा शेतकऱ्याला वाटे. हा भरवसा आता उरलेला नाही. वेदीपुढची लोंबी कोरडी असते. पण शेतात कापून ठेवलेले भात मात्र अनेकदा पाण्यात असते.

आपल्याकडे शेतीवरील संकट म्हटले की दुष्काळ डोळ्यांपुढे येतो. शासनाच्या योजना, वृत्तपत्रांतील चर्चा आणि आपल्या प्रार्थनासुद्धा पावसाने दडी मारण्याच्या भीतीभोवती फिरत आल्या आहेत. ती भीती खोटी नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आणखी एक संकट तिच्या बरोबरीने उभे राहिले आहे. खरीप पीक तयार झाल्यावर, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, पाऊस जाण्याचे नाव घेत नाही. पेरणीच्या वेळी पाऊस चुकला तर दुबार पेरणीची संधी असते. कापणीच्या वेळी पाऊस आला तर बियाणे, खत, मजुरी असा सर्व खर्च होऊन गेलेला असतो आणि दुसरी संधी नसते. म्हणून या प्रश्नाकडे स्वतंत्रपणे पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

दोन वर्षांचा दाखला

२०१९ साली नैऋत्य मोसमी पावसाच्या माघारीला ९ ऑक्टोबरपर्यंत सुरुवातच झाली नाही. एवढा उशीर नोंदींमध्ये त्यापूर्वी झाला नव्हता. त्यानंतर अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे लागोपाठ उठली. ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरच्या आरंभी राज्यभर पाऊस कोसळला. सोयाबीनच्या गंजी भिजल्या, भाताला कोंब फुटले, द्राक्षबागांत रोग पसरला. त्या नोव्हेंबरात राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये आणि फळबागांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले.

२०२५ साली संकट अधिक व्यापक होते. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. तो इतक्या लवकर आल्याची नोंद यापूर्वी नव्हती. सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, सीना नदीला मोठा पूर आला, उभी पिके वाहून गेली आणि काही ठिकाणी जमिनीचा सुपीक थरच खरवडून गेला. शासनाच्या आकडेवारीनुसार राज्यातील सुमारे १ कोटी ४३ लाख हेक्टर लागवडीपैकी ६८ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्राचे नुकसान झाले. ७ ऑक्टोबर रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे मदतपॅकेज जाहीर करण्यात आले. त्यानंतर मोसमी पाऊस देशातून परतला. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रातील कमी दाबाच्या क्षेत्रामुळे कोकणात पुन्हा पाऊस सुरू झाला. पालघर, ठाणे, रायगड या पट्ट्यांत कापून ठेवलेले भात भिजले. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातील ‘मोंथा’ चक्रीवादळाचे पडसाद विदर्भ-मराठवाड्यातही उमटले.

या घटनांकडे केवळ योगायोग म्हणून पाहता येणार नाही. भारतीय हवामान विभागाने २०२० साली पावसाच्या आगमनाच्या व माघारीच्या सरासरी तारखा बदलल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळातील नोंदींवर आधारलेल्या होत्या. माघारीच्या नव्या तारखा १९७१ ते २०१९ या काळावर आधारल्या आहेत. जुन्या गणनेत मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबर होती. नव्या गणनेत ती ८ ऑक्टोबर झाली. वायव्य राजस्थानातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. पावसाचा मुक्काम लांबला आहे हे आता सरकारी पंचांगानेही मान्य केले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यामागे तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या बदलत्या लाटा आहेत, असे त्यांचे निरीक्षण आहे.

पीक हाती येताना काय घडते?

शहरात राहणाऱ्या आपल्या बांधवांना प्रश्न पडेल की, पिकलेल्या धान्याला चार सरींनी काय होणार? भात कापताना दाण्यात साधारण २० ते २४ टक्के ओलावा असतो. साठवणीसाठी तो १४ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. म्हणून कापलेले भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळवतात, मग भारे बांधून खळ्यावर आणतात आणि झोडणी करतात. या दिवसांत पाऊस आला आणि लोंब्या भिजत राहिल्या, तर दाण्याला तिथेच कोंब फुटतात. कोंब फुटला नाही तरी पुन्हा पुन्हा भिजून वाळलेल्या दाण्याला बारीक तडे जातात. गिरणीत त्याचा अखंड तांदूळ न निघता कणी निघते. पेंढा काळा पडतो आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे एकाच पावसात माणसाचे अन्न आणि जनावराची वैरण दोन्ही जातात.

सोयाबीनची स्थिती याहून नाजूक आहे. जेएस ३३५ सारखी जात पेरणीनंतर सुमारे ९५ ते १०० दिवसांत तयार होते. जूनच्या मध्यास पेरलेले पीक सप्टेंबरच्या शेवटी काढणीला येते, आणि तेच दिवस आता पावसाचे ठरू लागले आहेत. ओल्या शेंगांत दाणे उगवतात, काळे पडतात, बुरशी धरतात. जे वाचते ते बाजारात नेल्यावर ओलाव्याचा मुद्दा पुढे येतो. हमीभावाने खरेदीसाठी १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या नोव्हेंबरात ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. परंतु डागी आणि ओला माल घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो आकडा फलकावरच पाहावा लागतो. कापसाचे फुटलेले बोंड भिजले की कवडी होते. नाशिककडील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर फुटणाऱ्या कोवळ्या घडांची पावसात कूज होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. परतीचा पाऊस सर्वांनाच नको असतो असे नाही. स्वातीच्या पावसाने मोती पिकतात, अशी म्हण आपल्या खेड्यांत आहे. रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई ही पिके याच ओलीवर उभी राहतात. एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाची प्रार्थना पावसासाठी आणि दुसऱ्याची उघडिपीसाठी असू शकते. मात्र २०२५ साली हा समतोलही ढळला. शेतात पाणी साचून राहिले, जमिनीला वापसा येईना आणि अनेकांची रब्बीची पेरणीही लांबली.

मोजमापातील फट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. निसर्ग कोणाच्या हाती नाही. पण नुकसान मोजण्याची पद्धत माणसाच्या हाती आहे, आणि आमच्या मते खरी उणीव तिथे आहे.

शासकीय मदतीसाठी अतिवृष्टीची कसोटी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस. पण कापलेले भात सडवायला ६५ मिलिमीटर लागत नाहीत. रोज संध्याकाळी पडणारी अर्ध्या तासाची सर त्याला पुरेशी असते. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला, हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु त्यातही सलग ५ दिवस, दररोज किमान १० मिलिमीटर, अशी कसोटी आहे. मधला एक दिवस कोरडा गेला की साखळी तुटते. कोंब फुटायचे मात्र थांबत नाहीत.

पीकविम्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. कापणीनंतर शेतात पसरून ठेवलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत संरक्षण देण्याची आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची तरतूद तिच्यात होती. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात विमा दिला. पुढे गैरप्रकारांच्या तक्रारी आल्या. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद झाली, आणि त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे आणि कापणीपश्चात नुकसान ही चार संरक्षणेही राज्यातील योजनेतून वगळण्यात आली. भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठरवायची असा निर्णय झाला.

पीक कापणी प्रयोग म्हणजे काय? मंडळातील निवडक शेतांत ठराविक आकाराचा तुकडा आखून कापतात, त्याचे धान्य झोडून वजन करतात आणि त्यावरून मंडळाचे सरासरी उत्पन्न काढतात. हे उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरले तरच भरपाई मिळते. ही पद्धत उभ्या पिकाचे नुकसान मोजू शकते. पण प्रयोग झाल्यावर पाचव्या दिवशी पावसात भारे कुजले, तर कागदावर उत्पन्न पूर्णच राहते. ज्या वर्षी कापलेले पीक भिजले, त्याच वर्षी कापलेल्या पिकाचे संरक्षण काढून घेतलेले होते. गैरप्रकार रोखणे आवश्यक आहे. परंतु काही जणांनी खोटे अर्ज केले म्हणून खऱ्या नुकसानीचा रकानाच पुसून टाकणे हा न्याय नव्हे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, भातशेती पाण्याखाली जाण्याचा धोका २०२६ च्या खरिपापासून पुन्हा विम्याच्या कक्षेत घेण्याचे जाहीर केले. कोकणाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. पण कापणी ते मळणी हे दिवस विसरले जाता कामा नयेत.

राहिली थेट मदत. कोरडवाहू पिकांसाठी आपत्ती निधीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ३,४०० रुपये. २०२५ मध्ये रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची जोड देण्यात आली आणि मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत वाढवली. हा आधार आहे, भरपाई नव्हे. शिवाय मदत सातबाऱ्यावरील नावाने मिळते. खंडाने शेती करणारा, आणि सुगीच्या मजुरीवर वर्षाची उधारी फेडणारा मजूर, यांचे नाव कोणत्याच यादीत येत नाही.

आपल्या हाती काय आहे?

शासनाकडे मागणी करायची ती नेमकी असावी. कापणीपश्चात १४ दिवसांचे संरक्षण महाराष्ट्रात पुन्हा लागू करावे. पंचनाम्यात उभे पीक आणि कापलेले पीक यांची वेगळी नोंद घ्यावी. ओलाव्याची अट शिथिल करायची असेल तर ती खरेदी सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावी.

पण सर्व भार शासनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. लहान शेतकऱ्याला एकट्याने धान्य वाळवण्याचे यंत्र परवडत नाही. दहा शेतकऱ्यांना मिळून ते परवडू शकते. ताडपत्र्या, मळणी यंत्र आणि कोरडी जागा या तीन गोष्टी वेळेवर मिळाल्या तर पुष्कळ धान्य वाचते. आपल्या अनेक धर्मग्रामांत सभागृहे आहेत, शाळांचे व्हरांडे आहेत, पतपेढ्या आहेत. ऑक्टोबरमधील पंधरा दिवस ही जागा भिजलेल्या धान्यासाठी खुली ठेवता येईल काय, याचा विचार धर्मग्राम परिषदांनी पाऊस लागण्यापूर्वीच करावा. हवामान विभागाची कृषी सल्ला पत्रके दर मंगळवारी व शुक्रवारी निघतात. ती रविवारच्या सूचनांत वाचून दाखवली, तरी कापणी दोन दिवस आधी की नंतर, हा निर्णय अनेकांना सोपा जाईल.

शेतकऱ्यांनीही सर्व क्षेत्र एकाच जातीखाली आणू नये. हळवे, निमगरवे आणि गरवे भात अशी विभागणी आपले वाडवडील करीत असत, ती उगाच नव्हे. एका पावसात सारे पीक सापडू नये, हाच तिचा हेतू होता.

आगेऱ्याच्या दिवशी आपण पहिली लोंबी अर्पण करतो, तेव्हा शेवटच्या भाऱ्याचीही जबाबदारी स्वीकारतो, असे आम्हांला वाटते. येत्या सुगीत मिस्सा संपल्यावर शेजारच्या शेतात कोणाचे भात अजून उघड्यावर आहे, एवढे जरी आपण विचारले, तरी त्या सणाचा अर्थ आपल्याला कळला असे म्हणता येईल.