गच्चीला जाळी हवी, मुलांना माणूस हवा

पुण्यातले संस्थाचालक, वसतिगृहांचे रेक्टर, पेठांमधले घरमालक, अभ्यासिका आणि मेस चालवणारी मंडळी, माजी विद्यार्थी आणि पालक, या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. प्रत्येकाची कहाणी वेगळी, कारणेही एकमेकांत गुंतलेली. एखाद्या निकालावर किंवा आईवडिलांच्या बोलण्यावर सगळे खापर फोडून मोकळे होणे अन्यायाचे आहे. पण हे मृत्यू टाळता येतात, आणि टाळण्याच्या कामाचा काही भाग तर गवंडी आणि फॅब्रिकेटर यांच्याकडून आठवडाभरात करून घेता येण्याजोगा आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळा-महाविद्यालयांपासून शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांपर्यंत सर्वांना त्या लागू आहेत. गच्ची, बाल्कनी आणि इतर धोक्याच्या जागा सुरक्षित करा; शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा; कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या; गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका. आपल्या संस्थेत यातले काय झाले, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे. फी किती, हे विचारताना आपण संकोचत नाही. मग गच्चीच्या दाराबद्दल का संकोचावे?

जाळीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ज्याला करायचंच आहे, तो दुसरा मार्ग शोधतो.’ हे खरे नाही, आणि या समजुतीपायी जीव जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात ज्यांना ऐनवेळी अडवले गेले, अशा ५१५ जणांचा रिचर्ड सायडन या अभ्यासकाने मागोवा घेतला. त्याचा अहवाल १९७८ साली आला. त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. मरणाची ओढ अनेकदा लाटेसारखी येते, काही मिनिटे किंवा काही तास टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ निभावला गेला, तर बहुतेक माणसे जगतात.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात खोल दऱ्या आहेत, त्यांवर पूल आहेत. २०१० मध्ये विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनंतर तिथे तातडीने कुंपणे उभारली, तेव्हा दरीचे दृश्य बिघडते म्हणून नाराजी उमटली. विद्यापीठ मागे हटले नाही. पुढे पुलांखाली जाळ्या बसवल्या. दृश्यही राहिले, आधारही मिळाला. आपल्या इमारतींना तर इतकी कसरतही करावी लागणार नाही.

जाळीने मुलाचे दुःख मात्र कमी होत नाही. तिच्यामुळे मिळालेल्या वेळात त्याला कोणीतरी भेटायला हवे. म्हणून समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून ठेवू नका. तिथे कोण गेले, हे साऱ्या कॉलेजला दिसत असेल, तर कोणीच जाणार नाही. मुलाने सांगितलेले शिक्षकांपर्यंत किंवा हजेरीपुस्तकापर्यंत जाणार नाही, याची लेखी हमी द्या. जिवाला धोका असेल तेव्हा कोणाला कळवावे लागेल, तेही त्याला आधीच सांगा.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट घेऊन राहणाऱ्या, एमपीएससी करणाऱ्या मुलांची. त्यांना कॅम्पस नाही, रेक्टर नाही. जाहिरात लांबते, वय वाढते, मुख्य परीक्षा दोन गुणांनी हुकते आणि ‘गावाकडं काय तोंड दाखवू’ म्हणून दिवाळीलाही घरी जाणे टळते. या मुलांना रोज पाहणारी माणसे म्हणजे मेसच्या मावशी, अभ्यासिकेचे चालक आणि घरमालक. मावशी, दोन दिवस डबा तसाच परत आला तर कोणाला तरी वर पाठवा. दादा, नेहमीची खुर्ची रिकामी दिसली तर फोन करा. एखादा मुलगा आपली पुस्तके वाटून टाकू लागला, ‘आता कशात राम नाही’ म्हणू लागला, तर शेजारी बसून सरळ विचारा : ‘जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उपदेश करू नका, ऐका. पोलिसांच्या भीतीने कोणी मदत टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला शिक्षेपेक्षा उपचार मिळावेत, हीच सरकारची जबाबदारी आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, मेळाव्याच्या वर्गणीतून यंदा स्वागतकमान नको. जुन्या वसतिगृहाच्या जिन्याला आणि गच्चीला जाळ्या बसवून द्या, समुपदेशकाच्या वर्षभराच्या पगाराचा वाटा उचला. आणि दुर्दैवाने कुठे काही घडलेच, तर फोटो, चिठ्ठ्या, तपशील ग्रुपवर फिरवू नका. ते वाचणाऱ्यांतही कोणी खचलेले असते.

‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. तो अभ्यासिकेच्या दारावर, मेसच्या काउंटरवर, वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरांत लावा. धोका तातडीचा वाटला तर त्या मुलाला एकटे सोडू नका. ११२ वर फोन करा किंवा त्याला सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात जा. हे वाचणारा विद्यार्थी स्वतःच खचला असेल, तर त्याने हा क्रमांक आत्ताच लावावा.

– पुण्यातील काही शिक्षक आणि पालक