'दुर्दैवी घटना' हे रूट कॉज नव्हे

आमच्या धंद्यात एक बरी पद्धत आहे. प्रोडक्शन पडलं, समजा पेमेंटची सिस्टिम चाळीस मिनिटं बंद राहिली, की दोन-तीन दिवसांत एक डॉक्युमेंट लिहायचं. किती वाजता काय झालं, पहिला अलर्ट कधी आला, मूळ कारण काय, आणि परत होऊ नये म्हणून कोण, काय, कधीपर्यंत करणार. त्यात "अमक्याने चुकून कमांड मारली" एवढंच लिहिलं तर रिव्ह्यूत पहिला प्रश्न येतो: एका कमांडने सगळं झोपेल अशी सिस्टिम मुळात बांधली कोणी? चाळीस मिनिटं लोकांना मोबाईलचं बिल भरता आलं नाही, म्हणून एवढा खटाटोप. मेलेलं कोणी नसतं.

आता हे बघा. शुक्रवार, २४ जानेवारी २०२५. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी. सकाळी एलटीपी सेक्शनमध्ये स्फोट झाला, छत कोसळलं, आठ कामगार गेले. आणि जेमतेम वर्षभर आधी, २७ जानेवारी २०२४ ला, याच निर्माणीत स्फोट होऊन एक कामगार गेला होता.

पुढचा कार्यक्रम ठरलेला. ट्वीट, श्रद्धांजली, "अत्यंत दुर्दैवी घटना", मदत जाहीर, चौकशी समिती. चार दिवसांनी कॅमेरे पुढच्या गावाला. आपणही चहा पिताना "अरेरे" म्हणतो आणि स्क्रोल करतो.

मला या 'दुर्दैवी' शब्दाचाच राग आहे. वीज कोसळली तर ते दुर्दैव. पण डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात नऊ जण जातात, जून २०२४ मध्ये धामन्याच्या कारखान्यात स्फोट होतो, जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगर, एप्रिल २०२५ मध्ये उमरेडला अॅल्युमिनियम पावडरचा भडका. दीड वर्षात, नागपूरपासून तासा-दीड तासाच्या अंतरात. असं दुर्दैव एकाच पट्ट्यात मुक्काम ठोकून बसत नाही हो. याला आपल्या भाषेत 'रिकरिंग इश्यू' म्हणतात.

"मानवी चूक" हे दुसरं लाडकं कारण. यावर एक जुनी गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात नोबेलच्या डायनामाइट कारखान्यात नायट्रोग्लिसरीन बनायचं. ग्लिसरीनमध्ये अॅसिडं मिसळली की उष्णता निघते, तापमान हाताबाहेर गेलं की खेळ खलास. म्हणून एक माणूस सतत थर्मामीटरकडे बघत बसायचा, आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून स्टूल एकाच पायाचं. डोळा लागला की धाडकन खाली. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. आज तापमान वाढलं की आपोआप कूलिंग वाढवणारी, त्यानेही भागलं नाही तर सगळा माल पाण्यात ओतून टाकणारी यंत्रणा बसवता येते. तरीही एखाद्या प्लँटची सुरक्षा "कोणाला डुलकी लागणार नाही" यावर उभी असेल, तर चूक डुलकी घेणाऱ्याची की स्टुलाच्या भरवशावर बसलेल्या मॅनेजमेंटची?

कोणी म्हणेल, "अरे बाबा, स्फोटकांचं काम आहे, धोका असणारच." बरोबर. म्हणूनच या उद्योगाने दीडशे वर्षांत आपले नियम रक्ताने लिहून ठेवलेत. एका इमारतीत एका वेळी माल किती आणि माणसं किती, याची मर्यादा. दोन इमारतींत ठरलेलं अंतर, मधे मातीचे बांध. ठिणगी न पडणारी पितळी-तांब्याची अवजारं, स्थिर वीज साठू नये अशी पादत्राणं. गनकॉटन ओलंच ठेवायचं, कारण सुकलं की नुसत्या घर्षणानेही पेटू शकतं. या सगळ्यामागचा विचार एकच: स्फोट कधीतरी होईल असं धरून चला आणि तो झाला तरी कमीत कमी माणसं जवळ असतील अशी व्यवस्था करा. म्हणून आठ माणसं गेल्यावर "स्फोट का झाला" एवढंच विचारून भागत नाही. त्या क्षणी तिथे इतकी माणसं का होती, मर्यादा किती होती, आणि २०२४ च्या स्फोटानंतर नेमकं काय बदललं? ही उत्तरं कागदावर, सगळ्यांना वाचता येतील अशी हवीत.

इथे तिसरा आक्षेप येतो: "संरक्षणाचा मामला आहे, गुप्तता नको का?" हवी की. प्रोपेलंटचा फॉर्म्युला छापा असं कोण म्हणतंय? पण कूलिंग बंद पडलं का, अलार्म वाजला का, पडलेलं छत कधी तपासलं होतं, यात कुठलं राष्ट्रीय गुपित आहे? शत्रूला आपल्या छताची अवस्था कळण्यापेक्षा आत काम करणाऱ्याला कळणं जास्त गरजेचं नाही का?

आणि आपल्याला हे जमत नाही, असंही नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. बरोबर महिन्याने, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल जगासमोर होता. त्यावर भांडणं झाली, होऊ देत, पण भांडायला कागद तरी होता. रेल्वे अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. का? तर ज्याची गाडी घसरली त्यानेच चौकशी करू नये म्हणून. हे शहाणपण आपल्याकडे आहे. रसायनं आणि स्फोटकं आली की ते कुठे जातं?

अमेरिकेत केमिकल सेफ्टी बोर्ड नावाची छोटीशी संस्था आहे. १९९८ पासून काम करते. तिला दंड करायचा अधिकार नाही, फक्त तपास करून सगळं जाहीर करायचं. २३ मार्च २००५ ला टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत १५ माणसं गेली. बोर्डाने खोदून काढलं की टॉवर गरजेपेक्षा जास्त भरत होता आणि पातळी दाखवणारं यंत्र उलट ती कमी होतेय असं सांगत होतं. आणि मेलेली सगळी माणसं कंत्राटदारांची, धोक्याच्या युनिटजवळ ठेवलेल्या तात्पुरत्या केबिनांत किंवा त्यांच्या आसपास. पुढे अशा केबिना कुठे ठेवायच्या याचे वेगळे नियम तिथल्या पेट्रोलियम उद्योगाने काढले. एका प्लँटची चूक बाकीच्यांनी वाचली. आपल्याकडे बाजारगावात जे कळलं ते धामन्याला आणि धामन्यात कळलं ते जवाहरनगरला पोचेल, अशी कुठली पाइपलाइन आहे?

कायदा नाही असंही नाही. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरीज अॅक्टमध्ये घातक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. कारखान्यातल्या धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं बंधनकारक झालं. धोका दिसला तर तसं सांगण्याचा कामगाराला हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही हे आहे. पण अपघातानंतर अहवाल ठरल्या मुदतीत जाहीर झालाच पाहिजे, ही सक्ती नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

तर माझी मागणी साधी आहे. एक स्वतंत्र तपास संस्था, जिचा बॉस ना कारखान्याचा मालक, ना त्याला परवाना देणारा. ३० दिवसांत प्राथमिक अहवाल, वर्षभरात अंतिम. मराठीत आणि हिंदीतही, कारण वाचायचाय तो कामगारांना. आणि प्रत्येक शिफारशीपुढे "झालं / नाही झालं" असा उघड रकाना. आपण याला टिकेट ट्रॅकिंग म्हणतो. यात रॉकेट सायन्स काही नाही.

"आपला काय संबंध?" असं वाटत असेल तर एवढंच सांगतो. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातली भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि या कंपनीचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे मालक कोण? सरकार. म्हणजे तुम्ही आणि मी. आपल्या कंपनीत आठ माणसं गेली आणि पोस्टमॉर्टेम डॉक्युमेंट कुठे आहे हे विचारणारा एकही ईमेल आपण पाठवला नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, ऑनलाइनही करता येतो. मी या वीकएंडला दोन करतोय, एक २०२४ च्या स्फोटाबद्दल, एक २०२५ च्या. "गोपनीय" असं उत्तर आलं तर अपील. कोणाला मसुदा हवा असेल तर मेल टाका, पाठवतो.