तार आणि पोल यांमधले दोन मिलिमीटर : गिटारही अस्सल साधनच

१/१४
जुन्या नाण्याचे वजन आपण ग्रॅमच्या अंशापर्यंत नोंदवतो. विटेच्या मापावरून भिंतीचा काळ अजमावतो, कागद उजेडात धरून जलचिन्ह शोधतो. इलेक्ट्रिक गिटारीपाशी आलो की मात्र ही शिस्त गळून पडते. आजचा धागा पिकअपच्या पोलांमधील आणि तारांमधील अंतराविषयी आहे. मत आरंभीच सांगून टाकतो : हे अंतर त्या वाद्याचे दफ्तर आहे. ते न वाचता पिकअप बदलणे म्हणजे अस्सल कागदावर नवी शाई फिरवणे होय.

२/१४
आधी यंत्र समजून घेऊ. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर ताणलेली पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. बहुतेक पिकअपांत प्रत्येक तारेखाली एक खांब असतो, तोच पोल. तार पोलाच्या माथ्यावरून जावी, ही अपेक्षा.

३/१४
अडचण भूमितीची आहे. गिटारीच्या तारा समांतर नसतात. मानेच्या टोकाशी त्या जवळ असतात आणि ब्रिजकडे, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या भाषेत घोडीकडे, पसरत जातात. म्हणून पिकअप कोठे बसवायचा यावर पोलांमधील योग्य अंतर ठरते. एकच माप सर्व जागी बसणे शक्य नाही.

४/१४
आता इतिहास. जॉर्ज बोशाम्प आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांची ‘फ्राइंग पॅन’ ही हवाईयन गिटार १९३१-३२ची. तिच्या पिकअपमध्ये नालाच्या आकाराचे चुंबक आणि सहा तारांखाली सहा पोल होते. १९३६मध्ये गिब्सनने ‘ईएस-१५०’ आणली; तिच्यात सुट्या पोलांऐवजी पोलादाची एकच सलग पट्टी होती. सलग पट्टीला तार थोडी डावीकडे सरकली काय, उजवीकडे सरकली काय, फारसा फरक पडत नाही. अंतराच्या तंट्यावरचा तोडगा असा तंटा उभा राहण्याआधीच अस्तित्वात होता.

५/१४
१९५४मध्ये लिओ फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर आली. तिच्या तारांचा पसारा, पहिल्या तारेच्या मध्यापासून सहावीच्या मध्यापर्यंत, ब्रिजवर सुमारे ५६ मिमी आणि मानेच्या टोकाशी सुमारे ३६ मिमी. त्रैराशिक मांडा : मानेजवळच्या पिकअपवर तो सुमारे ५१ मिमी भरतो, ब्रिजजवळच्या पिकअपवर ५४ ते ५५. तिन्ही पिकअपांचे पोल मात्र सारखेच, सुमारे ५२ मिमीचे. तिन्ही जागी एकच भाग चालणे कारखान्याच्या सोयीचे होते. ही तडजोड प्रत्येक जुन्या स्ट्रॅटमध्ये आजही मोजता येते.

६/१४
गिब्सनचा मार्ग वेगळा. सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा, विजेची गुणगुण मारणारा ‘हमबकर’ घडवला. पेटंटचा अर्ज १९५५चा, मंजुरी १९५९ची; मधल्या काळातील पिकअपांवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे. गिब्सनचा ब्रिज अरुंद असल्याने पोलांचे माप सुमारे ५० मिमीच्या आत राहिले. अशा रीतीने एकाच देशात दोन परंपरा आणि दोन गज झाले. आपल्याकडील मुलखामुलखांतल्या बिघ्यांची आठवण व्हावी.

७/१४
संघर्ष तेव्हा पेटला, जेव्हा वादकांना फेंडरचे अंग आणि गिब्सनचा आवाज दोन्ही एकत्र हवे झाले. एडी व्हॅन हेलनची ‘फ्रँकनस्ट्रॅट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याने गिब्सनचा पिकअप स्ट्रॅटच्या घाटाच्या लाकडात तिरका बसवला, आणि या तिरकेपणाचा संबंध पोल-तारांच्या तफावतीशी जोडला जातो. १९७८च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने तो आवाज जगभर पोहोचवला.

८/१४
पुढे कारखान्यांनी ही तडजोड तयार मालात आणली. दिमार्झिओ, सेमूर डंकन यांसारखे उत्पादक एकच पिकअप दोन रुंदींत विकू लागले : साधारण ४८ ते ५० मिमीचा अरुंद, आणि ५१ ते ५३ मिमीचा रुंद. वादकांनी घरच्या बाकावर केलेल्या खटपटीचे असे छापील मालयादीत रूपांतर झाले.

९/१४
उंचीचाही एक जीवाश्म आहे. १९५०च्या दशकात गिटारीची तिसरी तार वेष्टित, म्हणजे वरून बारीक तार गुंडाळलेली असे. तिचा आवाज दबका, म्हणून स्ट्रॅटमध्ये तिचा पोल उंच ठेवला गेला. पुढे साध्या तिसऱ्या तारेची रीत पडली. ती उंच पोलावर नको इतकी मोठ्याने बोलते. तरीही जुन्या घाटाच्या पिकअपांत तो पोल आजही उंचच असतो. कारण संपले, रूप उरले.

१०/१४
रास्त आक्षेप असा : एक-दोन मिलिमीटरने कानाला काय कळते? पुष्कळदा काहीच नाही. चुंबकाचे क्षेत्र पोलाच्या कडेपाशी तुटत नाही. कडेची तार पोलाच्या बरीच बाहेर गेली किंवा तार ओढून दोन पोलांच्या मधे आली, तर आवाज किंचित उतरू शकतो. दोन मिलिमीटरच्या धास्तीने चांगला पिकअप फेकणे मला मान्य नाही. कानाने क्षम्य मानलेली तफावतही पुराव्यादाखल मोलाचीच असते.

११/१४
आता घरी येऊ. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे घोडीवरील तारांच्या खाचा कारागीर हाताने पाडतो. अंतर ठरवतात त्याची नजर आणि वादकाची बोटे. शिवाय सतारीची जोडाची तार आणि तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची वा काशाची असते. चुंबकाला या धातू ऐकूच येत नाहीत. म्हणून गिटारीचा पिकअप सतारीखाली ठेवला, तर तो अर्धे वाद्य बहिरेपणाने ऐकतो.

१२/१४
अमेरिकेत १९६७मध्ये व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेतून डॅनेलेक्ट्रोची ‘कोरल’ ही इलेक्ट्रिक सतार आली. वाजवायच्या सहा तारांखाली दोन पिकअप, आणि तरफांसारख्या तेरा तारांसाठी तिसरा. मुळात ती गिटारच; जवारीची झणझण तिला निराळ्या घोडीने दिली. आपल्या सतारीच्या रचनेपुढे परक्या तंत्राने गिटार वाकवली, सतारीला हात लावला नाही. उगम आणि उसनवारी कशी ओळखावी, याचा हा उत्तम धडा आहे.

१३/१४
राजवाड्यांनी १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, ते अस्सल साधने हाताशी असावीत म्हणून. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन आहे. तेथे पाहताना नक्षीइतकेच घोडीच्या खाचांकडे लक्ष द्या. फ्रँकनस्ट्रॅट २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यावरची छिद्रे, ठिगळे आणि तिरका पिकअप कोणी ‘नीट’ करून टाकला असता, तर तेथे मांडायला काय उरले असते?

१४/१४
म्हणून मागणी साधी आहे. आपल्या शहरात कित्येक जुन्या गिटारी कपाटांवर पडून आहेत. पिकअप बदलायचा तर अवश्य बदला. वाद्य वाजण्यासाठीच असते. पण आधी तीन मापे वहीत लिहा : ब्रिजवरील तारांचा पसारा, पिकअपच्या जागी असलेला पसारा, आणि पोलांचा पसारा. तारीख घाला, छायाचित्र काढा. काढलेला पिकअप स्क्रूंसह पाकिटात घालून वाद्याच्याच पेटीत ठेवा. पन्नास वर्षांनी ती पेटी उघडणाऱ्याला मूळ काय होते हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.