जुन्या बाटलीची बखर : बर्गंडीची वाइन आणि पुराव्याचा प्रश्न

१/ २५ एप्रिल २००८, न्यूयॉर्क. जुन्या वाइनचा एक मोठा लिलाव. यादीत फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील पोन्सो घराण्याच्या बाटल्या आहेत. त्यांतल्या काहींवर 'क्लो सें-दनी' या मळ्याचे नाव असून साल १९४५ ते १९७१ या दरम्यानचे आहे. त्या घराण्याचे तत्कालीन प्रमुख लोराँ पोन्सो स्वतः अटलांटिक ओलांडून तेथे येतात. त्यांचा आक्षेप एका वाक्याचा आहे : आमच्या घराण्याने या मळ्याची वाइन १९८२ पूर्वी कधी केलेलीच नाही.

२/ त्या आक्षेपामुळे पोन्सोंच्या साऱ्या बाटल्या लिलावातून मागे घेण्यात आल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या बाटल्यांचे बूच कोणी काढले नाही, कोणी घोट घेतला नाही. खोटेपणा उघडा पडला तो केवळ एका तारखेमुळे. मित्रहो, धागा थोडा लांबेल. पण विषय वाइनपुरता नाही. पुरावा कशाला म्हणावे आणि रसिकतेने पुराव्याची जागा बळकावली की काय होते, हे त्यातून दिसते.

३/ प्रथम पार्श्वभूमी. बर्गंडीचा गाभा म्हणजे 'कोत दोर' ही दिजों शहरापासून बोन गावाच्या दक्षिणेपर्यंत गेलेली, सुमारे ५० किलोमीटर लांबीची चिंचोळी टेकडउतरण. तेथील उंची लाल वाइन 'पिनो नुआर' या एकाच जातीच्या द्राक्षाची. १३९५ सालीच ड्यूक फिलिपने 'गामे' जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. जात एकच असल्याने सारे वैशिष्ट्य मातीच्या तुकड्याचे, करणाऱ्या हाताचे आणि त्या वर्षीच्या हवामानाचे.

४/ मातीच्या तुकड्याचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. १०९८ मध्ये सितो येथे मठ स्थापन झाला. त्या मठाच्या साधूंनी 'क्लो द वूजो' हा मळा जोपासून त्याला भिंत घातली. १७८९ च्या क्रांतीनंतर चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या झाल्या आणि विकल्या गेल्या. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने वारसांत समान वाटणी आणली. त्या सुमारे ५० हेक्टरांच्या मळ्याचे आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. भिंत एक, नाव एक, वाइनी मात्र ऐंशी तऱ्हांच्या!

५/ म्हणजे मळ्याचे नाव वाचून फारसे काही कळत नाही. कोणाचा वाटा, कोणत्या साली, हे कळले पाहिजे. त्यात आणखी एक पेच आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळापर्यंत शेतकरी आपली वाइन पिंपातच घाऊक व्यापाऱ्याला विकून टाकी. व्यापारी ती आपल्या तळघरात मुरवी, अनेकदा दुसरीत मिसळी आणि बाटलीवर स्वतःचे नाव लावी. फिकी वर्षे सुधारण्यासाठी दक्षिण फ्रान्सची आणि अल्जीरियाची दाट वाइन त्यात मिसळली जाई, हे तर सर्वज्ञात आहे.

६/ या व्यवहाराला कंटाळून आंजेरव्हिल, गूज, रूसो अशा मोजक्या घरांनी विसाव्या शतकाच्या विशीत-तिशीत स्वतःच बाटल्या भरायला आरंभ केला. १९३५ मध्ये फ्रान्सने मूळ स्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले आणि पुढील एक-दोन वर्षांत बर्गंडीच्या बहुतेक नामांकित मळ्यांची नोंद झाली. आज 'घरची बाटली' हा बर्गंडीचा सनातन धर्म वाटतो. पण तो जेमतेम शंभरेक वर्षांचाच आहे.

७/ पुरातनतेचा देखावा तर आणखी अलीकडचा. जव्रे या गावाने आपल्या प्रसिद्ध 'शांबेर्तां' मळ्याचे नाव स्वतःला जोडून घेतले ते १८४७ साली. लाल-सोनेरी झगे घालून मध्ययुगीन थाटात समारंभ करणारे वाइनवीरांचे मंडळ स्थापन झाले १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, न खपणारी वाइन खपावी म्हणून. यात लाजिरवाणे काही नाही. पण झग्याला पुरावा मानणाऱ्या ग्राहकाचे काय होते, ते आता पाहू.

८/ रूडी कुर्नियावान हा मूळचा इंडोनेशियाचा तरुण अमेरिकेत आला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या वाइनच्या बाजारात चमकू लागला. बर्गंडीच्या 'रोमाने-कोंती'च्या वेडापायी मित्र त्याला 'डॉक्टर कोंती' म्हणत. २००६ च्या दोन लिलावांत 'त्याच्या तळघरातील' बाटल्यांना मिळून साडेतीन कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. हे तळघर त्याने कोणाकडून, केव्हा, कसे जमवले? हा प्रश्न निकराने विचारणारे फार थोडे होते.

९/ मार्च २०१२ मध्ये त्याला अटक झाली. कॅलिफोर्नियातील त्याच्या घरात हजारो छापील लेबले, बुचे, रबरी शिक्के, रिकाम्या बाटल्या आणि मिश्रणाच्या कृती सापडल्या. बर्गंडीचीच जुनी पण स्वस्त, व्यापाऱ्यांनी भरलेली वाइन विकत घ्यायची, तीत हवी ती भर घालायची आणि दंतकथेतल्या नावाचे लेबल चिकटवायचे, ही त्याची रीत. डिसेंबर २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढील वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

१०/ या प्रकरणाचे वर्णन नेहमी 'एका ठकाची अद्भुत कथा' असे केले जाते. माझा आक्षेप या वर्णनालाच आहे. तो ठक होताच. पण त्याला वर्षानुवर्षे निर्धास्तपणे वावरू देणारी गोष्ट दुसरीच होती. ती म्हणजे जिभेच्या अधिकारावरची श्रद्धा. मेजवान्यांत तो अस्सल बाटल्याही मुक्त हस्ते उघडी आणि रिकाम्या बाटल्या उपाहारगृहांकडून परत मागवून घेई. जाणकार चाखत होते, माना डोलावत होते आणि त्यांच्या पावतीवर पुढची बाटली विकली जात होती.

११/ जिभेचा अधिकार किती? बोर्दो येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाइन देण्यात आली. 'लाल' वाइन म्हणजे तीच पांढरी, गंधहीन रंग घातलेली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. ते मूर्ख नव्हते, शिकलेले होते. डोळ्याने आधी निकाल दिला, नाकाने त्यावर सही केली. रंग जे करतो ते १९४५ हा आकडा करणार नाही काय?

१२/ आता जुन्या बर्गंडीच्या आस्वादाविषयी, कारण त्याला तुच्छ लेखण्याचा माझा हेतू नाही. तरुण असताना तिचा रंग माणकासारखा, गंध चेरी-रासबेरीचा. उत्तम मळ्याची, उत्तम सालाची वाइन थंड अंधारात वीस-तीस वर्षे राहिली की रंग विटकरी होतो आणि कडेला पिंगट छटा येते. फळ मागे सरते. ओल्या पाचोळ्याचा, अळंब्याचा, कातड्याचा गंध पुढे येतो. तोंड आवळून धरणारा तुरटपणा निवून रेशमी होतो.

१३/ ती नाजूकही असते. गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, सावकाश ओतावी. पेल्यात ती कधी तासभर फुलत जाते, कधी दहा मिनिटांत मावळते. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या वेगळ्या निघतात, कारण प्रत्येकीचे बूच वेगळे आणि प्रवासही वेगळा. जिला 'हुबेहूब हिच्यासारखीच' म्हणावे अशी दुसरी बाटलीच जेथे नसते, तेथे चवीवरून ओळख पटवणार कशी?

१४/ म्हणून माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. जीभ खोटे पकडू शकते, खरे सिद्ध करू शकत नाही. साठ वर्षांची म्हणवणारी बर्गंडी जांभळी आणि ताज्या फळाच्या वासाची निघाली तर संशय घ्यावा. पण ती विटकरी निघाली, अळंब्यांचा वास आला, म्हणून लेबलावरचा मळा आणि साल खरे ठरत नाहीत. कुर्नियावानची कच्ची सामग्रीही जुनी बर्गंडीच होती! विटकरी रंग तिलाही होता.

१५/ याउलट तारीख काय करते ते पाहा. रोमाने-कोंतीचा मळा जेमतेम १.८ हेक्टरांचा. फायलोक्सेरा किडीने युरोपातील मळे उद्ध्वस्त केल्यावर बहुतेकांनी अमेरिकी खुंटावर कलमे केली. या मळ्याने मूळ वेली १९४५ पर्यंत टिकवल्या. त्या साली सुमारे ६०० बाटल्याच झाल्या आणि वेली उपटल्या गेल्या. पुढची वाइन थेट १९५२ ची. म्हणजे रोमाने-कोंती १९४७ असे लेबल कितीही सुंदर असो, ती बाटली अशक्य आहे.

१६/ तेच पोन्सोंच्या दुसऱ्या बाटलीचे. त्याच लिलावात 'क्लो द ला रोश' १९२९, घरी भरलेली, अशी एक बाटली होती. पोन्सो घराण्याने स्वतः बाटल्या भरायला आरंभ केला १९३४ मध्ये. या एका माहितीपुढे नाक, जीभ, अनुभव, कीर्ती सारे गप्प बसतात.

१७/ 'चारदोन कोट्यधीश फसले, इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचे काय?' असे कोणी म्हणेल. पैसा धनिकांचाच गेला, हे मान्य. पण त्या मेजवान्यांतून आस्वादाची टिपणे लिहिली गेली. अमुक मळ्याची १९४५ ची वाइन कशी लागते, हे पुढच्या पिढीला त्याच टिपणांतून कळणार. टिपणकाराच्या पेल्यात तळघरातले मिश्रण असेल तर ते ज्ञान कायमचे नासले. पैसे न्यायालय परत मिळवून देऊ शकते. नासलेली साधने शुद्ध करता येत नाहीत.

१८/ मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या १८९८ च्या पहिल्या खंडात राजवाड्यांनी बखरींची कठोर झडती घेतली आणि समकालीन पत्रांना वरचे स्थान दिले. आस्वादाचे टिपण ही बखर आहे : रसाळ, ओघवती, बहुधा प्रामाणिकही, पण आधीच मनात ठसलेल्या कथेच्या अधीन. तळघराची वही, पावती, बूच-छापाची नोंद ही समकालीन पत्रे. बखर वाचावी, तिच्यात रमावे. मात्र निकाल पत्रावर द्यावा.

१९/ दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे : 'चव उत्तम असेल तर अस्सल-बनावट कशाला पाहायचे?' याचे उत्तर सोपे आहे. केवळ चवीचेच मोल द्यायचे असेल तर ती स्वस्त मिश्र बाटली तिच्या खऱ्या नावाने, खऱ्या किमतीला घ्यावी. २०१८ मध्ये रोमाने-कोंती १९४५ ची एक बाटली ५,५८,००० डॉलरना गेली. ती किंमत द्राक्षरसाची नव्हे, काळाची. ती बाटली बोन येथील वाइन-व्यापारी रोबेर द्रुआं यांच्या संग्रहातून आली होती. बाजाराने त्या मागाचेही मोल दिले.

२०/ तिसरा आक्षेप : 'विज्ञान आहे ना!' आहे, पण मर्यादित. अणुयुगाने वातावरणात सोडलेले सीझियम-१३७ बाटली न उघडता मोजता येते. १९४५ पूर्वीच्या वाइनमध्ये ते नसते. १९२९ चा दावा त्याने ढासळू शकतो. पण १९५९ आणि १९६२ मधला, किंवा दोन शेजारी मळ्यांमधला भेद ते सांगू शकणार नाही. खऱ्या जुन्या वाइनला खोटे नाव दिले असेल, तर तेथे यंत्रही मुके.

२१/ तेव्हा खरेदीपूर्वी प्रश्न विचारावेत. त्या साली तो वाटा या घराण्याकडे होता काय? बाटली कोणी भरली : घराने, बोनच्या व्यापाऱ्याने, की पिंप इंग्लंडला नेऊन तेथे? बुचावरची अक्षरे लेबलाशी जुळतात काय? बुचाखालची पातळी वयाला शोभेशी आहे काय? पन्नास वर्षांची बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल तर आनंदापूर्वी शंका यावी. बूच बदलले असेल तर कोणी, केव्हा? आणि मधल्या प्रत्येक हाताची पावती कोठे आहे?

२२/ एक सावधगिरीही हवी. पुष्कळ तळघरांत लेबल विक्रीच्या वेळी लावत; म्हणून १९३४ च्या बाटलीवर नंतरच्या कायद्याची ओळ दिसली, एवढ्यावरून तिला खोटी ठरवू नये. साधनांची चिकित्सा म्हणजे सरसकट अविश्वास नव्हे. प्रत्येक चिन्ह कसे आणि केव्हा निर्माण झाले, हे जाणणे म्हणजे चिकित्सा. ज्याला घराण्याची वाटणीपत्रे कंटाळवाणी वाटतात, त्याने जुनी बर्गंडी विकत घेण्याच्या फंदात पडू नये.

२३/ विक्रेत्यांनाही एक सांगणे आहे. 'एका थोर संग्राहकाच्या तळघरातून' हे वाक्य यादीतून हद्दपार करा. नाव सांगता येत नसेल तर निदान खरेदीचे साल, ठिकाण आणि पावती दाखवा. निनावी थोरवी हा पुरावा नव्हे, जाहिरात आहे. आणि समीक्षकांनो, चाखलेली बाटली कोठून आली हे ज्या टिपणात नाही, ते टिपण छापण्यापूर्वी दोनदा विचार करा.

२४/ आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती अशी बाटली कधी येणार नाही. पण जुनी तलवार, मोडी कागद, 'घराण्यात चालत आलेली' वस्तू नक्की येईल. ती हातात घेताच ऊर भरून येईल. त्याच क्षणी सावध व्हा. लोराँ पोन्सोंकडे त्या दिवशी ना प्रयोगशाळा होती, ना इतरांहून तीक्ष्ण जीभ. आपल्या घरात काय झाले आणि काय झाले नाही, हे त्यांना तारखेनिशी ठाऊक होते. इतिहासाचे काम याहून फारसे वेगळे नाही.

धागा समाप्त. मतभेद जरूर मांडा, पुराव्यासह मांडा.