बैलाला सुई, मालकाला नाही



रोहिण्या लागायच्या सुमारास आपण जनावरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून घेतो. पाऊस सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, हे कोणा कास्तकाराला सांगावे लागत नाही. पण त्याच गोठ्याच्या मालकाला शुगरची बिमारी असेल, तर पावसाळ्याअगोदर घेण्यासारखी एक लस त्याच्यासाठीही आहे, हे मात्र पुष्कळ घरी ठाऊक नसते. ही लस फ्लूची.

नागपूरचा जरीपटका आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसविलेली ही वस्ती कामठी रस्त्याने शहरात येणाऱ्याला हाताशी पडते. तेथील औषधांच्या दुकानांत शेटजी आणि खेड्यावरचा पाहुणा, दोघांच्याही हातात शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी दिसते. यंदा फ्लूची लस घेतली काय, असे विचारले तर दोघेही सारखेच तोंडाकडे पाहतात. शहरात दवाखाने जवळ असले म्हणून समज जवळ असते असे नाही!

“सर्दीच त आहे, मले काय होते?” हे पहिले उत्तर. साध्या सर्दीत नाक गळते, माणूस हिंडताफिरता राहतो. फ्लू अंग मोडून टाकतो. आपल्याकडे १९१८ च्या साथीला मानमोडी म्हणत, ती फ्लूचीच होती. देशात कोटीच्या वर माणसे गेली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाला फार मोठा तडाखा बसला. अलीकडे, २०१५ साली, स्वाइन फ्लूचे ४२ हजारांवर रुग्ण देशात नोंदले गेले आणि जवळजवळ ३ हजार दगावले. मधुमेह असणाऱ्याला यात धोका अधिक. रक्तात साखर फार काळ वाढलेली असली की रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यात ताप आला की साखर आणखी चढते. असे एकाने दुसऱ्याला वाढवत नेले म्हणजे फुप्फुसाला सूज येऊन न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

दुसरे उत्तर, “सुई घेतली की तापच येते.” दंडाला टोचतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कोणाला एकदोन दिवस कणकण वाटते. शुगर आहे म्हणून लस चालत नाही, हाही गैरसमजच. शुगर आहे म्हणूनच ती घ्यावयाची. मात्र अंगात ताप असेल तर थांबावे, आणि पूर्वी एखाद्या लसीने अंगावर मोठी गांधी उठली किंवा दम लागला असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

लस घेतली की फ्लू होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ नये. झाला तरी बहुधा हलका जातो, इस्पितळाची पायरी चढण्याचा प्रसंग टळू शकतो. विषाणू रूप बदलतो, म्हणून ही सुई दरसाल घ्यावी लागते. अंगात प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा एप्रिल-मे महिना चांगला. मृगाच्या सरीत फ्लूही वाढू लागतो. राहून गेलीच तर हिवाळ्यापूर्वी घ्यावी.

आता पैशाचे. खाजगीत ही लस दीड-दोन हजारांच्या घरात जाते, आणि नवराबायको दोघांनाही शुगर असेल तर पेरणीच्या तोंडावर एवढी रक्कम काढणे सोपे नाही. २०१५ च्या साथीनंतर राज्य शासनाने गरोदर स्त्रिया आणि मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत देण्याचे ठरविले. साठा दरवेळी असतोच असे नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर नागपूरच्या मेयो वा मेडिकलमध्ये आधी विचारावे, शुगरची कागदपत्रे बरोबर न्यावीत. नाही म्हणाले तर पुढे केव्हा येईल, तेही विचारून घ्यावे.

आणि लस घेतलेली असो वा नसो, शुगर असणाऱ्याला ताप आला तर जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. पाणी थोडे थोडे पाजत राहावे, साखर तपासावी, गोळ्यांचे काय करावयाचे ते डॉक्टरांना विचारावे. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा माणूस बरळू लागला तर सकाळची एस.टी. येईस्तोवर थांबू नये, १०८ ला फोन करावा. फ्लूवरची गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तर चांगला गुण देते.