जटायूचा खिळा

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात. त्यात मी आता वजनाचीही भर घालतो.

आम्ही राहतो पामला, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या शेजारी. इगतपुरीजवळच्या टाकेदला जटायू पडला असे मानतात. ते तीर्थ पाहून आल्यापासून आमच्या नातवाने ध्यास घेतला, शाळेच्या वेषभूषा स्पर्धेत जटायूच व्हायचे आणि पंख खरोखर हलले पाहिजेत!

जन्मात कधी मोटार न उघडलेल्या मी मिशीवर ताव दिला. भंगारातून गाडीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटार आणली. तिच्या दांड्याला एक भुजा, पंखाच्या बुडाशी दुसरी आणि दोहोंमध्ये जोडकाठी. दोन्ही भुजा सारख्याच ठेवल्या. पंख वर गेला, तिथेच अडकला आणि मोटार तापली. मग अक्कल आली : फिरणारी भुजा आखूड हवी, पंखाची लांब, तरच एक गरगर फिरते नि दुसरी वरखाली होते.

पंख हलले, पण मोटार, बॅटरी, लोखंडी पट्ट्या पाठीवर चढवताच पोर मागे झुकले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पोराला पंख लावताय की पिठाची गिरणी?"

जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात माणसे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचतात. सोंग कितीही उग्र असो, ते पेलून नाचता आले पाहिजे; हे मला आधी सुचायला हवे होते. पंख दुप्पट लांब केला तर वजन दुप्पट, आणि तेही दुप्पट दूर. म्हणजे बुडाशी ताण चौपट! मी पंख कापले, लोखंडाऐवजी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेतला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून पंखाचा भार तिच्यावर तोलला. आता खेळण्यातली छोटी गिअरची मोटारही पुरली. वायरीत फ्यूज घातला, बटण नातवाच्या मुठीत दिले.

एकच गोष्ट राहिली. जोडकाठीच्या खिळ्याला आडवी पिन हवी होती. "चालेल," म्हणून मी तशीच सोडली.

रंगमंचावर पंख फडफडले, टाळ्या पडल्या. आणि ऐन रंगात डावा पंख लटकला! माझा श्वास थांबला. पोराने बटण सोडले, गुडघ्यावर बसले आणि "राम, राम" म्हणत आडवे झाले. सभागृह क्षणभर स्तब्ध, मग टाळ्यांचा कडकडाट! शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वा! पंख तुटण्याची युक्ती काय केलीत!" मी नुसता हसलो.

घरी येताना नातवाने विचारले, "आजोबा, खिळा तुम्ही मुद्दाम सैल ठेवला होता ना?"

शेजाऱ्यांपुढे गप्प बसलो होतो. याच्यापुढे बसवेना.

"नाही रे. आळस केला."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी मी गरुड होणार. गरुडाचे पंख तुटत नाहीत, आजोबा. दोन पिना लावा."